मांडीतलं लोखंड

डॉक्टर, परवा तुमची राख सावडताना माझा हात तुमच्या उजव्या मांडीच्या जागी गेला आणि तिथंच घुटमळला. अस्थी वेचायच्या सोडून मी बोटांनी राख चाळून राहिलो होतो. तुमच्या लेकीनं ते पाहिलं. माधवीताईची नजर तुमच्यासारखीच, तिच्यापुढं काही लपत नाही. ती हळूच म्हणाली, "काका, काय शोधता?"

मी म्हणालो, "काही न्हाई."

मी लोखंड शोधत होतो. ते तुमच्या मांडीत नव्हतंच, माझ्या मांडीत आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण हाताला कोण सांगणार? एका तुकड्यावरून आपण दोघं जन्मभर भांडलो. तो नेमका कोणाच्या अंगात आहे हे हात विसरला असेल.

तिथून आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. खाटेवर टेकलो की उठतो, अंगणात जातो, लिंबाखाली उभा राहतो, परत आत येतो. सून म्हणते, "मामा, काय हरवलं का?" मी तिच्यावर खेकसतो. हरवलंय ते तिला काय सांगू? भांडायला माणूस उरला नाही, हे सांगायची गोष्ट आहे का?

दवाखान्यातली मंडळी तुमच्यावर पुस्तिका काढणार आहेत. माधवीताई म्हणाली, तुम्हीही लिहा. मी चौथी शिकलेला, आयुष्य विहिरीत गेलं, पण लिहायला मी कोणाला घाबरत नाही. बाकीचे तुम्हाला देवमाणूस लिहितील. मी लिहिणार नाही. तुम्ही हट्टी होता आणि वरून हसायचा, म्हणजे समोरच्याला रागही धड धरता येऊ नये. आता तुम्हाला उत्तर देता येत नाही, तेव्हा सगळं माझ्या बाजूनं लिहितो. चालवून घ्या.

बहात्तरच्या दुष्काळात आम्हा विहिरी खोदणाऱ्यांना दम खायला फुरसत नव्हती. ज्याच्या त्याच्या विहिरीचा तळ उघडा पडलेला, आणि जो तो म्हणायचा, अजून खाली न्या. चाकूरच्या अलीकडं एका विहिरीत मी आणि हुसेन सुरुंगाचं भोक पाडून राहिलो होतो. मी पहार धरायची, हुसेननं वरून घण घालायचा. माझा तो जोडीदार, आमची दोघांची जोडी साऱ्या तालुक्याला माहीत. घण खाऊन खाऊन पहारेच्या डोक्याला फूल आलं होतं, कडा बाहेर वळलेल्या. लोहार गाव सोडून कामाला गेलेला, घासून देणार कोण? तशीच चालवत होतो. घण बसला आणि त्या फुलाची एक पाकळी उडाली. बोटाएवढी पाकळी माझ्या उजव्या मांडीत आतल्या अंगानं घुसली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

हुसेन ओरडला, "केरबा, हात मत लगा."

तोवर मी उपटली होती. माझ्या अंगात दुसऱ्याचं काही राहिलेलं मला खपत नाही. आमच्याकडं सगळ्यांचीच ही रीत. काटा असो, कुसळ असो, सळई असो, आधी उपटायचं आणि मग बसायचं. उपटलं म्हणजे निम्मं बरं झालं, असं आम्ही समजायचो. उपटली आणि रक्ताची चिळकांडी समोरच्या दगडावर गेली. हुसेननं डोक्याचा पटका सोडला, मुठीत गोळा करून मांडीवर दाबला आणि ती मूठ अहमदपूर येईस्तोवर काढली नाही. वर लोकांनी दोरानं ओढून घेतलं, बैलगाडीत घातलं. अर्ध्या वाटेत मला डुलकी यायला लागली तर हा मला शिव्या देऊन जागं ठेवत होता. माझ्या सासऱ्यावरून सुद्धा दिल्या.

तुमच्या दवाखान्यात तुम्ही पहिला प्रश्न मला विचारला नाही. हुसेनला म्हणालात, "मूठ काढू नका, मी सांगेपर्यंत." मग माझ्याकडं वळलात.

"कोणी उपटलं?"

"मीच. दुसऱ्याची काय हिंमत?"

"शाबास. टाकीचं बूच तुम्हीच उपटलंत आणि आता पाणी का वाहतंय म्हणून माझ्याकडं आलात."

मला लई राग आला. मरायला टेकलेल्या माणसाशी कोणी असं बोलतं का?

तुम्ही हात धूत धूत बोलतच होता. "पुढच्या वेळी जे घुसलं असेल ते तसंच घेऊन यायचं. हलू नये म्हणून भोवतीनं कापड गुंडाळायचं. उपटायचं काम माझं."

"पुढच्या वेळी?" मी म्हणालो. "अजून कितीदा घुसवता?"

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात. आपली ओळख ही अशी झाली.

कमरेत सुई देऊन तुम्ही माझं खालचं अंग बधिर केलंत. मी जागा होतो. मधे कापड धरलेलं, दिसत काही नव्हतं, कानांनी बघत होतो. तुम्ही सिस्टरला सांगत होता, चिमटा लावला की जे मांस आकसतं ते जिवंत, जे गप पडून राहतं ते मेलेलं, ते काढून टाकायचं. एक फुटकी शीर बांधलीत. मग चिमट्यात काहीतरी धरून माझ्या तोंडापुढं आणलंत, काळं, चिखलानं माखलेलं.

"हे बघा. सापडलं."

"लोखंड?"

"धोतर."

पाकळीनं जाताना माझ्या धोतराची चिंधी आत ओढून नेली होती. मी म्हणालो, लोखंडाचा पेराएवढा तुकडा आत मोडलाय, उपटताना मला कळलं होतं, टोक आलं नाही. तो काढा. तुम्ही म्हणालात, तो लई खोल आहे, धोरी शिरेपाशी. आता त्याच्या मागं लागलो तर रक्त आवरणार नाही. आणि लोखंडाचं मला भय नाही, चिंधीचं होतं. माणूस लोखंडानं कुजत नाही, आत राहिलेल्या कापडानं आणि मातीनं कुजतो.

मी अख्ख्या गावाला सांगत फिरलो, मी लोखंड काढायला गेलो आणि डॉक्टरनं धोतर काढून दिलं. लोक हसायचे. तुमच्या कानावर आलं तेव्हा तुम्हीही हसलात, उलट विचारलंत, "धोतर परत पाहिजे का?"

जखम तुम्ही शिवली नाहीत. मी शुद्धीवरचा माणूस, मला दिसत होतं, बीळ उघडं आहे आणि त्यावर नुसती ओली पट्टी. मी म्हणालो, "दोरा संपला का सरकारचा?"

"तुम्ही विहीर खोदता ना? गाळ खाली असताना वरून फरशी टाकता?"

"न्हाई."

"मग मीही नाही टाकत."

माझ्याच धंद्यातला शब्द उचलून माझ्याच तोंडावर टाकला. बीळ तसंच राहिलं, आणि रोज सकाळी ते धुवायचं ठरलं.

डॉक्टर, आता जे लिहितो ते आपण दोघं कधी बोललो नाही. तुम्हाला आठवत होतं की नाही, मी विचारलं नाही. आता कोणाला विचारू?

तेव्हा तुमच्या दवाखान्याची विहीर कोरडी होती. पाणी गाडीवर पिंपात यायचं. आवाराबाहेर बाया हंडे लावून उभ्या. आणि आत सिस्टर पाणी उकळायची, मीठ टाकायची, निववायची आणि ते सगळं माझ्या मांडीत जायचं. हंडाभर पाणी, डॉक्टर. मी पाण्यासाठी जमीन फोडणारा माणूस, मला ते बघवत नव्हतं. मी म्हणालो, "बाहेर लेकरं तहानली, आणि तुम्ही माझी मांडी धुता."

तुम्ही गालावर हात फिरवून दाखवला. दाढी वाढलेली, अंगातला सदरा मळलेला. "जिथं वाचवता येतं तिथं वाचवतो. इथं येत नाही."

आणि तुम्ही भांडं उंच धरलंत, धार जोरात पडावी म्हणून. उंच, माझ्या डोक्याच्याही वर. आणि मी ओरडलो, "वरून ओतू नका."

सिस्टरला वाटलं दुखलं. दुखत होतं, पण ते त्यासाठी नव्हतं.

तुम्ही नांदेड शहरात वाढलेले. तुम्हाला आमचं 'वरून' माहीत असेल नसेल. माझ्या बापानं, आज्यानं गावच्या विहिरी खोदल्या. पाणी लागलं की नारळ फुटायचा, गूळ वाटायचा, आणि त्याच घडीपासून ते काठावर चढायचे नाहीत. तहान लागली तर खाली उकिडवं बसायचं, ओंजळ करायची, आणि दुसऱ्यानं वरून धार धरायची, भांडं हाताला लागू नये इतक्या उंचावरून. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी कोवळा होतो. त्या दिवसापासून बापानं ओंजळ केली नाही. तहानेनं घसा वाळला तरी घरी येऊन प्यायचा. मला एवढंच शिकवून गेला, वरून पडलेलं पाणी घ्यायचं नाही. मी कधी घेतलं नाही. आणि तुम्ही भांडं उंच धरलं.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं नाही. मी नुसतं म्हणालो, "वरून नको."

तुम्ही भांडं खाली घेतलंत. माझ्याकडं बघितलंत. का, असं विचारलं नाहीत. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत का विचारायची खोड होती, इथं विचारलं नाहीत. सिस्टरला म्हणालात, साबण आणा. माझे हात कोपरापर्यंत धुवून घेतलेत, दोनदा. नखं कापायला लावलीत. मग भांडं माझ्या हातात दिलंत.

"तुमची मांडी, तुम्हीच धुवा. कुठून ओतायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण धार आत पोचली पाहिजे, आणि पाणी निवळ येईपर्यंत थांबायचं नाही."

त्या सकाळपासून माझी जखम मीच धुतली. तुम्ही शेजारी उभे राहून म्हणायचा, "अजून. मळकं येतंय." विहिरीचा गाळ उपसताना मी गड्यांना म्हणायचो तसंच. "अजून. आता निवळतंय. हां, पुरे." दात खाऊन ओतत होतो. बीळ तळातून भरत वर आलं, लाल, स्वच्छ. मग तुम्ही टाके घातलेत, आणि माझ्या पायावर मला उभं केलंत.

चालायला लागल्यावर तुम्ही मला फोटो काढायला नांदेडला धाडलंत. अहमदपूरला तेव्हा ते मशीन नव्हतं. एसटीत हुसेन माझा पाय मांडीवर घेऊन बसला होता. विष्णुपुरीच्या अंगाला गोदावरीचं पात्र दिसलं, नुसती वाळू. हुसेन म्हणाला, "नदी को भी तेरे डाक्टर के पास लेके जाना."

फोटो घेऊन परत आलो. तुम्ही तो खिडकीला धरला. माझं हाड पांढरं, आणि त्याच्या बाजूला एक ठिपका, जोंधळ्याच्या दाण्याएवढा.

"हे तुमचं लोखंड."

"काढा."

"नाही काढत. धोरी शिरेच्या कुशीत बसलंय. शिरेला काही करत नाही, सांध्यात नाही, पू नाही, ताप नाही. ते आहे तिथं तुम्हाला त्रास नाही. काढायला गेलो तर पाय जाऊ शकतो."

"आणि राहिलं तर?"

"राहील. शरीर त्याच्याभोवती भिंत बांधतं. कडं टाकतं, विहिरीला टाकता तसं."

"माझी मांडी काय धर्मशाळा हाय?"

"एका पाहुण्यापुरती."

मी उठून निघालो. दारातून म्हणालो, "ते हलतं. मला रातच्याला कळतं." तुम्ही म्हणालात, "ते नाही हलत. तुम्ही हलता." या दोन वाक्यांवर आपली सगळी वर्षं गेली.

मी रागात होतो, पण माझ्या मांडीत गेलेलं पाणी मला सलत होतं. मी हुसेनला घेतलं आणि तुमच्या दवाखान्याच्या विहिरीत उतरलो. तुम्ही वरून ओरडून राहिला होता, "केरबा, टाके ताजे आहेत, वर या." मी ऐकलं नाही. तुम्ही तरी माझं कुठं ऐकलं होतं? आम्ही काळ्या पाषाणात खाली गेलो, आणि एक दिवस दुपारच्याला दगडाच्या फटीतून बारीक धार सुटली. गार. ती धार बघून हुसेन खाली बसला आणि रडला, मग मलाच म्हणाला, रडतोस काय.

सगळा दवाखाना काठावर जमला. पाणी वर घेतलं. तुम्ही दुपारच्या उन्हात धावत आलात, कपाळाला घाम, आणि माझ्यापुढं उकिडवे बसलात, ओंजळ केलीत. "ओता, केरबा."

तुम्हाला नुसती तहान लागली होती. तहानलेला माणूस करतो तशी ओंजळ केली होती, बाकी काही नव्हतं. तांब्या माझ्या हातात होता, मी उभा, तुम्ही खाली. माझ्या बापानं हे बघायला पाहिजे होतं, असं एकदा मनात आलं. ते येऊन गेलं. पण हात वाकेना.

मी म्हणालो, "तांब्या हातात घ्या."

तुम्ही वर बघितलंत. माझ्या तोंडाकडं, तांब्याकडं. मग हळूच उभे राहिलात, दोन्ही हातांनी तांब्या घेतलात आणि तोंड लावून प्यालात. माझ्या तांब्याला, सगळ्या लोकांपुढं. पिऊन झाल्यावर तोंड पुसलंत आणि म्हणालात, "निवळ आहे." बस. पुढं कधी विषय नाही. तेव्हा तुम्हाला मांडी धुतानाचं 'वरून' कळलं होतं की काय? मला वाटतं, कळलं होतं. पण मी विचारलं नाही, तुम्ही बोलला नाहीत, आणि आता माधवीताईला विचारावं तर तिचा जन्म नंतरचा.

पुढं जिल्हा नवा झाला. उस्मानाबादेतून फुटून लातूरचा वेगळा. जिकडंतिकडं पाट्यांवर जुनं नाव खोडून नवं काढणं चाललं होतं, रंग ओला, हात लावला की बोटाला लागायचा. तुमची बदली लातूरला झाली. मला वाटलं, आता बरं झालं, मोठा दवाखाना, मोठी मशीनं, आता या माणसाला सबब उरली नाही. चाकूरहून एसटी धरली आणि तुमच्यापुढं येऊन मांडी उघडी केली. "आता काढा."

तुम्ही नवा फोटो काढलात. जुनाही जपून ठेवला होता, कपाटातून आणलात. दोन्ही शेजारी धरलेत. "बघा. तिळभर हललं नाही."

"फोटो काढताना तुम्हीच म्हणता, हलू नका. मग ते बिचारं कसं हलंल?"

तुम्ही इतके हसलात की खोकला आला, दुसरे डॉक्टर दारातून डोकावून गेले. डोळे पुसत म्हणालात, "केरबाराव, याला आता एकच इलाज. तुमची राख सावडताना बघू. लोखंड जळत नाही. किती मोठं आहे आणि कुठं आहे, तेव्हा कळेल कोण खरं."

"तुम्ही माझ्याहून मोठे हायात. तुमची आधी सावडावी लागंल."

"मग माझी लेक येईल बघायला."

ती तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची. आपण दोघं हसलो. मी येताना बसस्थानकावर भजी खाल्ली. साधी गोष्ट होती, कोण मनावर घेतो?

डॉक्टर, ती साधी राहिली नाही. परवा तसंच झालं.

त्यानंतर मी किती फेऱ्या मारल्या. कधी थंडीत ठणकतं म्हणून, कधी काही न होता. तुम्ही निवृत्त झालात तरी येत राहिलो. माधवीताईच्या आई चहा टाकायच्या, तुम्ही माझी मांडी दाबून बघायचा, पायाच्या घोट्याखाली बोट ठेवून ठोका मोजायचा. विहिरीची चौकशी करायचा. हुसेन गेला तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुमचा पाय मी नाही वाचवला, त्याच्या मुठीनं वाचवला." मला ते माहीत होतं. पण तुमच्या तोंडून ऐकल्यावर घरी येऊन मी हुसेनच्या कबरीवर गेलो, त्याला सांगितलं.

अखेरच्या वेळी आलो तेव्हा तुम्ही खाटेवर होता, आवाज बारीक झालेला. माधवीताईनं तुम्हाला उशीला टेकवून बसवलं. तुम्ही हात पुढं केलात. मला वाटलं, हात धरायचाय. तुम्ही माझ्या मांडीवर बोट ठेवलंत, बरोबर तिथं, न बघताच.

"हललं का?"

"हललं."

तुम्ही मान हलवलीत. नाही म्हणून. तेवढ्यावर आपलं बोलणं संपलं. नाही हललं, तुमचं खरं, असं मी एकदा तरी म्हणायचं होतं का? राहून राहून तेच येतं. आणि लगेच वाटतं, तसं म्हटलं असतं तर तुम्ही घाबरला असता. म्हणाला असता, केरबाला काहीतरी झालंय.

काल माधवीताई स्वतः गाडी घेऊन घरी आली. सुतक पाळत नाही म्हणाली. लिंबाखाली बाजेवर बसली आणि सरळ विचारलं, "काका, परवा काय शोधत होता?"

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हसली नाही. मग धोतर वर करायला लावलं आणि मांडी बघितली. तीही आता तुमच्यासारखीच सर्जन, तिचं बोट पण बरोबर तिथंच गेलं. मग घोट्याखाली ठोका बघितला. तुमचीच रीत.

"काका, आता काढता येतं," ती म्हणाली. "मशीनवर बघत बघत काढतात. बारीक छेद घेऊन. बाबांच्या वेळी तसं नव्हतं. तुम्ही म्हणाल तर मी काढते."

डॉक्टर, हे ऐकायला मी जन्म घालवला. मी उठून हौदापर्यंत गेलो, परत आलो. ती बसून होती.

"त्रास आहे का?" तिनं विचारलं.

"हाय. न्हाई. आता हाय."

मग ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगू का? बाबा घरी नेहमी म्हणायचे, केरबाचं लोखंड राहू दिलं ते बरोबर केलं की चूक, मला कधी कळणार नाही. तुमचा निरोप आला नाही बरेच दिवस, की अस्वस्थ व्हायचे. म्हणायचे, चाकूरकडचं कोणी आलंय का, केरबा चालतोय का बघा म्हणावं."

मला आधी रागच आला. माझ्यापुढं तर पाषाणासारखे बसायचा. तिळभर हललं नाही, म्हणायचा. आणि घरी जाऊन ही शंका? मला का नाही सांगितली? मी काय लेचापेचा होतो?

सबंध दिवस मी अंगणात येरझाऱ्या घालून राहिलो. संध्याकाळच्याला डोकं जाग्यावर आलं. तुम्ही सांगितलं असतं, तर मी पुन्हा विहिरीत उतरलो असतो का? दोर धरून खाली जाताना दर पावलाला मांडीकडं बघत बसलो असतो. तुम्ही ठाम होता म्हणून मी पाय टेकवला. लोखंड माझ्या मांडीत राहिलं आणि त्याची शंका तुम्ही स्वतःपाशी ठेवून घेतली. मी ठणकतं म्हणून बोंबलायचो. तुमचं ठणकताना मी कधी ऐकलं नाही.

माधवीताईला आज निरोप धाडला. काढायचं नाही. तिला सांगितलं, आतली घाण मी माझ्या हातानं धुतली आहे, निवळ पाणी येईस्तोवर. म्हणून ते लोखंड आत राहू शकलं. ते आता परकं नाही. आणि तुझ्या बापानं तुला दुसरं काम नेमून दिलंय. माझी राख सावडायला ये. माझ्या पोरालाही बजावलंय, डॉक्टरीणबाई आल्याशिवाय राखेला हात लावायचा नाही. उजवी मांडी, आतलं अंग. जोंधळ्याएवढं निघालं तर तुम्ही खरे. बोटाच्या पेराएवढं निघालं तर मी. जागचं हललं होतं की नाही, हे काही राखेत कळणार नाही. ते राहू द्या.

एक राहिलं. परवाचं.

अस्थी वेचून झाल्या, तेव्हा राख निववायला पाणी शिंपायचं होतं. तुमचे भाऊबंद उभे होते. माधवीताईनं कोणाकडं बघितलं नाही, तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. "काका, तुम्ही ओता."

सगळे उभ्यानंच ओततात. मी उभा राहिलो, तांब्या उचलला, आणि तुम्ही खाली होता.

माझ्या गुडघ्यांना बसणं होत नाही आता. तरी मी बसलो. उजवा पाय लांब केला, राखेच्या शेजारी मांडी टेकवली, तांब्याचा काठ राखेला लावला, आणि हळूहळू सोडलं.

वरून नाही ओतलं, डॉक्टर.